प्रकल्प नोंदी : लक्षात कोणाच्या आलं?

१८ नोव्हेंबर, सोलापूर

माझ्या जनावरांच्या दवाखान्यात कुत्र्या-मांजराच्या पिल्लाला पहिली लस टोचायला येणाऱ्या नव्या जोडप्यांकडून हल्ली एक वाक्य वारंवार ऐकू येतं : "आधी हे सांभाळून बघतो मॅडम, जमलं तर मग बाळाचं ठरवू." घरातली मोठी माणसं हे ऐकून नाराज होतात. मला मात्र हे वाक्य मनापासून घ्यावंसं वाटतं. मूल आणण्याआधी स्वतःला तपासून बघावं असं ज्यांना वाटतं, त्यांना त्या तपासणीत कुणीतरी हात दिला पाहिजे. एरवी होतं असं की पिल्लाचा लळा लागतो आणि तेवढ्यावर दोघं ठरवून टाकतात की आपल्याला जमलं. लळा सगळ्यांनाच लागतो. त्यावरून पुढचं काही कळत नाही.

म्हणून हा प्रकल्प. पंधरा दिवसांचा एक तक्ता, घरातल्या प्राण्याच्या कामांचा. तो फ्रिजवर किंवा दारामागं लावायचा, रोज भरायचा, नंतर दोघांनी माझ्याकडे येऊन निवांत बसायचं. रकाने चार : काम, लक्षात कोणाच्या आलं, केलं कोणी, शेरा. दुसरा आणि तिसरा रकाना मुद्दाम वेगळा ठेवलाय. यातून जे हाती लागेल त्याची एक छोटी पुस्तिका करायची, मूल होऊ घातलेल्या जोडप्यांसाठी.

यामागं आणखी एक कारण आहे. सातवा महिना लागला की फोन येतो : "कुत्रा कुणाला तरी द्यायचाय मॅडम, बाळ येणारे." चार-पाच वर्षं घरात वाढलेला जीव असा एका फोनवर बेघर होतो, आणि बहुतेक वेळा त्याची काही गरजच नसते. हे फोन कमी झाले तरी प्रकल्पाचं चीज झालं असं मी समजेन.

२५ नोव्हेंबर

तक्त्यात कोणती कामं घालायची यावर बरीच खाडाखोड झाली. खाणं, पाणी, फिरवणं, घाण काढणं ही डोळ्यांना दिसणारी कामं. त्यांच्या खाली न दिसणारी घातली : लसीची तारीख, जंताच्या औषधाची तारीख, खाण्याची पिशवी संपत आल्याचं कळणं, कानामागं नि बोटांच्या बेचक्यात गोचीड बघणं, रात्री उलटी झाली तर उठणं, गावाला जाताना प्राण्याला कुठं ठेवायचं ते ठरवणं.

बोलायला सुरुवात लसीपासून करते, कारण कार्ड हातात असतं. पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचं असताना पहिली लस, मग सोळा आठवड्यांचं होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुढचे डोस, साधारण तीन महिन्यांना रेबीजची लस, पुढं नियमित बूस्टर. लोक विचारतात, तीच लस पुन्हापुन्हा कशाला? कारण आईकडून आलेली प्रतिपिंडं, म्हणजे रोगाशी लढणारे रक्तातले घटक, पिल्लाच्या अंगात आहेत तोवर लसीला काम करू देत नाहीत, आणि ती कधी ओसरतील ते प्रत्येक पिल्लाचं वेगळं. गोवर-रुबेलाची लस माणसाच्या बाळाला नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात, त्यामागंही हेच आहे : आईनं दिलेलं संरक्षण तोवर उतरलेलं असतं. जन्मल्यावर बीसीजी, पोलिओ आणि हिपॅटायटिस बी, मग सहा, दहा, चौदा आठवडे, मग नऊ महिने. अंगणवाडीत मिळणारं माता-बाल संरक्षण कार्ड आणि पिल्लाचं कार्ड मी टेबलावर शेजारी-शेजारी ठेवते. तारखांची ती रांग बघून पुष्कळ नवरे गप्प होतात.

कार्डावर मालक म्हणून नाव बहुतेक वेळा नवऱ्याचं असतं. आठवणीचा फोन करायला नंबर मागितला की तो म्हणतो, "हिचा लिहा, माझ्या लक्षात राहणार नाही." इतकं सहज म्हणतो की तिलाही त्यात काही वाटत नाही.

४ डिसेंबर

पाच्छा पेठेतल्या एक आज्जी मांजर घेऊन आल्या. मांजर शांत बसलेलं, ना ओरडत होतं ना हलत होतं. शेजारच्या बाकावर बसलेला एक तरुण म्हणाला, "किती गुणी आहे ओ." आज्जी म्हणाल्या, "गुणी नाही बाळा, दुखायलंय हिला. तोंड बघ की तिचं." आज्जींचंच बरोबर होतं. लघवी तुंबली होती.

मांजराचं दुखणं चेहऱ्यावरून ओळखायची एक मोजपट्टी माँट्रियल विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात पाच गोष्टी बघतात : कान बाहेर वळलेत का, डोळे बारीक झालेत का, तोंडाभोवतीचे स्नायू ताणलेत का, मिशा ताठ झाल्यात का, डोकं खांद्याच्या रेषेखाली गेलंय का. आज्जींनी ती मोजपट्टी पाहिलेली नाही, पण त्या याच गोष्टी बघत होत्या. लहान मुलांसाठीही अशी एक मोजपट्टी आहे, १९९७ मध्ये मिशिगन विद्यापीठात तयार झालेली. चेहरा, पाय, हालचाल, रडणं, आणि जवळ घेतल्यावर शांत होतं का. पहिली जागा तिथंही चेहऱ्याचीच.

एक गोष्ट या नोंदीत लिहून ठेवावीशी वाटते. १९८०च्या दशकापर्यंत पुष्कळ ठिकाणी नवजात बाळांच्या शस्त्रक्रिया जेमतेम भूल देऊन होत, कारण इतक्या लहान जिवाला दुखत नाही असा समज होता. काश्मीरमध्ये जन्मलेले डॉ. कंवलजीत सिंग आनंद यांनी ऑक्सफर्डमध्ये काम करून १९८७ मध्ये दाखवून दिलं की नीट भूल दिलेल्या बाळांच्या शरीरावर शस्त्रक्रियेचा ताण कमी पडतो आणि ती जास्त चांगली सावरतात. बाळं तोवरही सांगतच होती, आपल्या परीनं. जनावरांच्या बाबतीत तर आजही "मुकं जनावर आहे, सहन करतं" असं सर्रास बोललं जातं. सहन करतं हे खरं, पण म्हणून दुखत नाही असं नव्हे.

तक्त्यात एक ओळ वाढवली : "पाच मिनिटं नुसतं बघणं." हात लावायचा नाही, हाक मारायची नाही, फोन बाजूला. पहिल्या दिवशी काय दिसलं आणि पंधराव्या दिवशी काय दिसलं ते शेऱ्यात लिहायचं.

१३ डिसेंबर

पहिला भरलेला तक्ता आला. जुळे सोलापूर, लॅब्रॅडॉर, दोघंही नोकरीला, लग्नाला तीन वर्षं, मुलाचा विचार चाललाय. दोघंही कुत्र्यावर जीव टाकणारे.

"केलं कोणी" या रकान्यात दोन्ही नावं जवळपास सारखी. सकाळचं फिरवणं त्याचं, संध्याकाळचं तिचं, अंघोळ त्याची, खाणं आलटून पालटून. आसपासच्या घरांच्या मानानं हे कौतुकाचंच. "लक्षात कोणाच्या आलं" या रकान्यात मात्र वरपासून खालपर्यंत एकच नाव. गोचीड तिच्या लक्षात आली, काढली त्यानं. खाणं संपत आल्याचं तिला कळलं, पिशवी आणली त्यानं. तो अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, "ती सांगते ते सगळं मी करतो की मॅडम." ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "सांगायचं पण कुणाला तरी लक्षात ठेवावं लागतंय ना."

यंत्रमागावर धोटा पळताना सगळ्यांना दिसतो, त्याआधी कुणीतरी ताणा, म्हणजे उभे धागे, भरलेला असतो तो दिसत नाही. तिचं काम ताण्याचं आहे. सोलापुरात तर हे ओझं आणखी वाढतं. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं. पाण्याचा दिवस कोणता, वेळ कोणती, पिंपं रिकामी आहेत का, धुणं त्या दिवशी काढायचं, कुत्र्याची अंघोळ त्याच दिवशी धरायची, आणि बरोबर त्या दिवशी ऑफिसात मीटिंग. हा सगळा हिशेब एका डोक्यात.

बाळ आल्यावर यात काय भर पडते ते मी त्यांच्यासमोर मांडलं. नवजात बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा दूध पितं. प्रत्येक वेळी मागून ढेकर, लंगोट, झोप. शिवाय लघवी किती वेळा झाली, ताप आहे का, डोळे-अंग पिवळं दिसतंय का, पुढची लस कधी. रात्री दोनला "तू सांग, मी करतो" म्हणणारा माणूस कितीही भला असला तरी सांगायला तिला जागंच राहावं लागतं. मग त्याच्या उठण्यानं तिला झोप मिळत नाही.

दुसऱ्या पंधरवड्याला त्यांना एक बदल सुचवला. कामं वाटायची नाहीत, विषय वाटायचे. औषध, लस आणि डॉक्टर हा पूर्ण विषय त्याचा. तारखेपासून बिलापर्यंत सगळा. तिनं आठवण करायची नाही. चुकलं तरी नाही. तिला हे जड जाणार आहे, तसं ती म्हणालीही.

१९ डिसेंबर

आज एक जोडपं पिंजऱ्यातला पोपट घेऊन आलं, तक्ता मागत होतं. आपल्याकडचे पोपट वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली येतात, ते घरात पाळता येत नाहीत. पंखाला लागलं होतं तेवढं बघून दिलं आणि वनविभागाकडे सोपवायला सांगितलं. तक्ता दिला नाही.

२७ डिसेंबर

आजची नोंद लांबेल.

अक्कलकोट रोडकडच्या एका घरात शेळी व्यायली होती, वार पडेना म्हणून बोलावलं होतं. घरातला मुलगा यंत्रमागावर पाळी करतो, सून नवव्या महिन्यात, आणि सगळा कारभार सासूबाईंच्या हातात. घरात तेलुगू बोलतात, माझ्याशी मराठीत. शेळी कधी भरवली ते सासूबाईंना अमावास्येच्या हिशेबानं तोंडपाठ होतं. शेळीचे दिवस म्हणजे साधारण पाच महिने, त्या बरोबर दोन दिवस आधीपासून रात्री उठून बघत होत्या.

मी पोचले तेव्हा करडू धड उभंही राहत नव्हतं. त्यांनी त्याला मांडीशी धरलं, सड दोन बोटांत धरून पहिली चिकट धार जमिनीवर काढली, मग सड त्याच्या तोंडात दिला, आणि शेपटीच्या मुळाशी बोटानं हलकंच खाजवत राहिल्या. शेळी चाटते ना तिथं, त्यामुळं करडू ओढायला लागतं. करडानं दोनदा सोडलं, तिसऱ्यांदा पकडलं आणि शेपूट हलवायला लागलं. "चीक पोटात गेला नाही तर करडू टिकत नाही," त्या म्हणाल्या. पुस्तकात हेच लिहिलंय. शेळीच्या गर्भाला वारेतून प्रतिपिंडं मिळत नाहीत, ती सगळी चिकातून मिळतात, आणि करडाचं आतडं ती पहिल्या दिवसभरातच, त्यातही पहिल्या काही तासांत, नीट शोषून घेतं.

वार पडली. चहा झाला. सहज सुनेच्या बाळंतपणाचा विषय निघाला तेव्हा सासूबाई म्हणाल्या की पहिलं पिवळं दूध पिळून टाकायचं, ते जड असतं, तोवर बोटानं मध चाटवायचा. त्यांच्या सासूनं तसंच केलं होतं.

मी विचारलं, "करडाला चीक पाजता, मग नातवंडाला का नको?"

त्या करडाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "माणसाचं पण तसंच असतंय काय?"

थोडा फरक आहे, तो मी सांगितला. माणसाच्या बाळाला वारेतून काही प्रतिपिंडं आधीच मिळतात, त्यामुळं ते करडाइतकं उघडं जन्मत नाही. पण त्याच्या आतड्याला, घशाला जे राखणारं आहे ते त्या पिवळ्या दुधातच असतं. म्हणून जन्मल्यावर तासाभरात अंगावर लावायचं, सहा महिने आईचं दूध सोडून काहीही नाही, पाणीसुद्धा नाही. आणि मध तर वर्षाचं होईपर्यंत अजिबात नाही, त्यातून एक जिवाणू बाळाच्या पोटात जाऊ शकतो आणि त्याच्या विषानं बाळाचं अंग लुळं पडतं. सून पडद्याआड उभी राहून ऐकत होती. सासूबाईंनीच तिला हाक मारून पुढं बसवलं आणि मला परत पहिल्यापासून सांगायला लावलं.

आशाताई हीच गोष्ट घरोघर सांगतात, भिंतींवर चित्रं लावलेली असतात. तरी या बाईंना ती आज पटली, कारण त्यांनी आयुष्यभर करडं वाचवली आहेत आणि हे ज्ञान त्यांच्या हातात आहे. पुस्तिकेत हे पान पहिलं घ्यायचं.

मुलगा निघताना म्हणाला, "रात्री करडू ओरडलं की मी उठतो मॅडम. पाळीवरनं आलेलो असतो, जागाच असतो." तक्त्याचा कागद त्याच्याकडे दिला. सासूबाई सांगतील, तो लिहील.

८ जानेवारी

मांजराचं घर. सहावा महिना. नणंदेनं कुठंतरी ऐकलं की मांजरामुळं बाळाला धोका असतो, तेव्हापासून मांजर हाकलायचा लकडा लागलाय. मुलगी रडवेली झाली होती.

धोका खोटा नाही, म्हणून नीट समजून घ्यायला हवा. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी आहे. गरोदरपणात पहिल्यांदा त्याची लागण झाली तर गर्भाला इजा होऊ शकते. मांजर त्याची अंडी विष्ठेतून टाकतं, पण साधारणपणे आयुष्यात पहिल्यांदा लागण होते तेव्हाच, एक-दोन आठवडे, क्वचित तीन. आणि टाकलेली अंडी लगेच लागण करत नाहीत, त्यांना पिकायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे ट्रे रोजच्या रोज साफ झाला आणि तो तिच्याशिवाय दुसऱ्या कुणी केला, तर मांजराकडून असलेला धोका जवळजवळ संपतो. घराबाहेर न जाणारं, शिजवलेलं खाणारं मांजर असेल तर तो आधीच थोडा. लागण बहुधा येते ती अर्धवट शिजलेल्या मटणातून, मातीच्या हातातून, न धुतलेल्या भाजीतून. आपल्याकडे कडक भाकरीबरोबर कच्ची मेथी, कांद्याची पात खायची पद्धत, ती दोन-तीन पाण्यांतून धुतल्याशिवाय खायची नाही. तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांशी फोनवर बोलले, त्यांनीही हेच सांगितलं आणि मनात शंका राहायला नको म्हणून रक्ताची तपासणी लिहून दिली.

ट्रे आता नवऱ्याचा. "रोज म्हणजे रोज?" त्यानं विचारलं. हो, रोज म्हणजे रोज. विष्ठेला सुटी नसते, मांजराच्याही आणि बाळाच्याही.

१७ जानेवारी

सिद्धेश्वराची गड्डा यात्रा झाली. होम मैदानावरच्या शोभेच्या दारूकामाच्या रात्री दवाखान्याचा फोन बंद पडत नाही. सिद्धेश्वर तलावाच्या आसपास राहणाऱ्या घरांतली कुत्री पलंगाखाली, मोरीत, कपाटामागं. मी दरवर्षी तेच सांगते : खिडक्या लावा, पंखा-टीव्ही चालू ठेवा, संध्याकाळचं फिरवणं लवकर उरका, साखळीनं बांधून ठेवू नका.

दरवर्षी प्रश्नही तोच येतो. जवळ घेतलं तर भित्रं होईल का? नाही होणार. भीती ही काही शिकवलेली करामत नाही की शाबासकी दिली म्हणून वाढावी. घाबरलेल्या जिवाजवळ बसलं तर त्याला आधार मिळतो, एवढंच. नेमका हाच प्रश्न बाळाबद्दलही असतो : रडलं की लगेच उचललं तर हातावरची सवय लागते. सिल्व्हिया बेल आणि मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २६ बाळांना वर्षभर घरी जाऊन पाहिलं होतं. सुरुवातीच्या महिन्यांत ज्यांच्या रडण्याला आई लवकर धावली, ती बाळं वर्षाच्या अखेरीला कमी रडत होती. आणि एन्सवर्थ यांनी मूल आणि आई यांच्यासाठी बसवलेली चाचणी १९९८ मध्ये हंगेरीतल्या संशोधकांनी ५१ कुत्रे आणि त्यांच्या मालकांवर करून पाहिली. आपलं माणूस खोलीत असलं की कुत्री मोकळेपणानं खेळत, परकं माणूस असताना कमी. आधार जवळ असला की जीव धीट होतो.

तलावाजवळच्या एका घरातला बाप त्या रात्री मोरीत कुत्र्याशेजारी पाटावर बसून होता. त्याची बायको पाचव्या महिन्यात आहे. तक्त्याच्या शेऱ्यात त्यानं लिहिलंय : "बसलो. बोललो नाही. थरथर थांबायला वेळ लागला."

३० जानेवारी

प्राणी काय शिकवू शकत नाही, यावरचं पान.

जपानमधल्या अझाबु विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं की कुत्रा आणि त्याचं माणूस एकमेकांच्या डोळ्यांत बघत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे मायेशी जोडलेलं संप्रेरक वाढतं. आई आणि बाळामध्ये जे होतं त्याच जातीचं हे. पण २०१४ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये आयांना स्वतःच्या मुलाचे आणि स्वतःच्या कुत्र्याचे फोटो दाखवून मेंदूचं चित्रण केलं, तेव्हा माया आणि सुख यांच्याशी जोडलेले काही भाग दोन्ही फोटोंना सारखे उजळले आणि मेंदूच्या खोल गाभ्यातला एक भाग फक्त मुलाच्या फोटोला उजळला. नातं जवळचं आहे, एकच नाही.

मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो दुसरा फरक. कुत्र्याला आपण त्याच्या अखेरच्या दिवसापर्यंत सांभाळतो. मुलाला आपल्याशिवाय राहता यावं म्हणून वाढवतो. कुत्र्यानं आयुष्यभर आपलं ऐकलं तर चांगलं, मुलानं आयुष्यभर ऐकलं तर कुठंतरी बिनसलंय.

तक्त्याच्या मागच्या बाजूला "मूल कधी?" असा प्रश्न छापला होता, तो काढतेय. दवाखान्यात अशाही बायका येतात ज्या वर्षानुवर्षं उपचार घेतायत, आणि ज्यांना नातेवाइकांनी कुत्र्यावरून बोल लावलेत. मूल नको असं ठरवलेली जोडपीही येतात. त्यांच्या मांडीवरचा जीव कुणाच्या जागेवर बसलेला नाही, तो स्वतःच्या जागेवर आहे. तक्ता त्यांनाही उपयोगी पडतो.

१४ फेब्रुवारी

तक्त्यांच्या गठ्ठ्यातून माझ्या ध्यानीमनी नसलेली एक गोष्ट वर आली.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या-आठव्या महिन्यात मुलगी जाते ती बाळ दोन-तीन महिन्यांचं झाल्यावर परतते. विजापूर रोडवरच्या एका घरातली मुलगी अशीच बार्शीला गेली आणि घरात राहिला नवरा आणि गावरान कुत्री राणी. आधीच्या तक्त्यात "लक्षात कोणाच्या आलं" याखाली त्याचं नाव जवळजवळ नव्हतंच. ती गेल्यानंतरच्या तक्त्यात सगळं त्याचं. सांगायला कुणी नसताना त्यानं आपणहून राणीच्या हिरड्या बघितल्या, फिकट वाटल्या, गोचीड-तापाची शंका घेऊन रात्रीच फोन केला. रक्त तपासलं, शंका खरी निघाली, राणी आता औषधावर सुधारतेय. हा तोच माणूस, "हिचा नंबर लिहा" म्हणणारा. त्याला कुणी उपदेश केला नाही. तो एकटा पडला आणि दुसरं कुणी लक्षात ठेवणारं नाही हे त्याला माहीत होतं, एवढंच घडलं.

आता दुसरी बाजू. त्याच दिवसांत बार्शीला त्याचं बाळ त्याच्याशिवाय मोठं होतंय. रडण्यातला भुकेचा सूर कोणता, झोपेचा कोणता, हे तिथं आई आणि आजी शिकतायत. हा रविवारी एसटीनं जातो, पाहुण्यासारखा चहा घेतो, बाळ पाच मिनिटं मांडीवर घेतो, रडलं की कुणीतरी लगेच काढून नेतं. दोन-तीन महिन्यांनी ती परत येईल तेव्हा बाळाच्या बाबतीत ती पुढं गेलेली असेल आणि हा पुन्हा "तू सांग, मी करतो" म्हणेल. त्याच्यात कमी काही नाही, हे राणीनं दाखवून दिलंय. त्याला बाळासोबत एकटं कुणी सोडलेलं नाही.

माझं स्वतःचं बाळंतपण माहेरीच झालं. आईच्या हाताचं खाणं, ती शेक-शेगडी, ती निर्धास्त झोप मी कुणाकडून हिरावून घ्यायला सांगणार नाही. पण त्या घरात बापासाठीही अंथरूण असावं. रजा मिळेल तेवढी त्यानं तिथं काढावी, आणि रोज काही तास बाळ त्याच्याकडे असताना बाकीच्यांनी खोलीबाहेर राहावं. आजीनंसुद्धा. रडलं तरी.

मुलीला हे फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "आईला तुम्हीच सांगा मॅडम, माझं ऐकणार नाही." सांगितलं. आधी त्या हसल्या, मग म्हणाल्या, "जावयाला बाळ आंघोळीला कसं धरायचं ते दाखवते, पण पहिल्या दिवशी मी दारात उभी राहणार." चालेल.

अक्कलकोट रोडवरून निरोप आलाय. मुलगी झाली, चीक पाजला, मध दिला नाही. सासूबाईंनी वॉर्डातल्या शेजारच्या खाटेवरच्या बाईलाही करडाची गोष्ट सांगितली म्हणे.

२६ फेब्रुवारी

कुत्रा घरात असताना बाळ येतं तेव्हा काय करायचं, ते पान पूर्ण केलं. थोडक्यात :

बाळ यायच्या दोन-तीन महिने आधीच फिरवण्याची, खाण्याची वेळ नव्या दिनक्रमाप्रमाणे बदलायची, म्हणजे कुत्र्याच्या मनात बदलाची गाठ बाळाशी बसत नाही. कोणत्या खोलीत जायचं नाही तेही आधीच ठरवायचं. बाळाच्या रडण्याचं रेकॉर्डिंग अगदी हळू आवाजात लावून त्या वेळी आवडीचं खाणं द्यायचं, आवाज दिवसागणिक थोडा वाढवायचा. लस, जंत, गोचीड यांची तपासणी करून घ्यायची. दवाखान्यातून बाळाचं एखादं दुपटं आधी घरी पाठवायचं. बाळ घरात आल्यावर आईनं आधी रिकाम्या हातांनी कुत्र्याला भेटायचं. आणि कुत्रा कितीही गरीब असो, बाळ आणि तो खोलीत दोघंच कधीही, क्षणभरही नाहीत.

ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, मान वळवणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, एकदम ताठ होणं : कुत्रा अस्वस्थ आहे हे तो असं सांगतो. मग गुरगुरतो. गुरगुरल्याबद्दल त्याला मारायचं नाही. मारलं तर तो गुरगुरणं सोडतो, आणि पुढच्या वेळी इशारा न देता चावतो. बाळाला लांब करायचं आणि कारण शोधायचं.

चावलंच, ओरखडलंच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लसीसाठी दवाखाना गाठायचा. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की जवळपास कुणी वाचत नाही, वेळेवर लस घेतली तर जवळपास कुणी मरत नाही.

जुळे सोलापूरच्या घरातला दुसरा तक्ता आला. जंताच्या औषधाची तारीख दोन दिवस टळली, तिनं खरंच आठवण केली नाही. तिसऱ्या दिवशी त्याच्या लक्षात आलं, आणि पुढच्या सगळ्या तारखा त्यानं स्वतःच्या फोनमध्ये टाकल्या. दोन दिवस उशीर झाल्यानं कुत्र्याचं काही बिघडलं नाही. लस मात्र लांबवायची नाही हे त्याला वेगळं सांगितलं.

११ मार्च

ऊन चढलंय, दुपारी दवाखान्यात ऊन लागलेली कुत्री यायला सुरुवात झालीय, पुढं लिहायला वेळ मिळणार नाही. पुस्तिकेचा मजकूर आज बंद केला. क्रम असा : चीक, बघणं, तक्ता, माहेर आणि बाप, मांजर, कुत्रा आणि बाळ. तक्ता मधल्या पानावर, फाडून लावता येईल असा, "लक्षात कोणाच्या आलं" हा रकाना सगळ्यात रुंद.

मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नड प्रती हव्यातच, नाहीतर ज्या घरांत शेळ्या आहेत तिथं ती पोचणारच नाही. तेलुगू मजकूर अक्कलकोट रोडच्या सासूबाईंना वाचून दाखवायला त्यांचा मुलगा तयार आहे. त्यांनी चिकाच्या पानावर एक दुरुस्ती आधीच सांगितलीय : सड तोंडात देण्याआधी पहिली धार काढून टाकायची हे लिहा, नवीन पोरींना माहीत नसतं. आणि त्याच्याखाली लगेच, त्यांच्याच शब्दांत, हेही लिहायचंय की ही धार शेळीची काढायची, बाईची नाही.